एकास किती

आमची ओळख कशी झाली असं कुणी विचारलं की मी सांगते, झेरॉक्सच्या दुकानात. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो, पण त्याला माझा इलाज नाही. मी जाड कागदावर एका जेट विमानाचे सुटे भाग छापून घेत होते आणि मागे रांगेत उभा असलेला एक टकलू गृहस्थ मान लांब करकरून माझ्या कागदांकडे बघत होता. माझा स्वभाव मुळात तिखट. "काही हवंय का?" असं मी खेकसूनच विचारलं. तर तो शांतपणे म्हणाला, "शेपटीकडच्या तुकड्याला कापायच्या आधीच बाक द्या. कापल्यावर द्यायला गेलात तर चुरगळतो." मग त्याने आपल्या पिशवीतून स्वतःचे कागद काढले. त्यांच्यावरही पंख होते, शेपट्या होत्या, खिडक्यांच्या बारीक रांगा होत्या. अख्ख्या शहरात हा उद्योग करणारी आपण एकटीच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

हे गृहस्थ खोटे दात बनवतात. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात आणि हे मागच्या खोलीत बसून कवळ्या घडवतात. म्हणून मी त्यांना मनातल्या मनात दातवाले म्हणू लागले, आणि पुढे तोंडावरही. माझा पासपोर्टच्या आणि कुटुंबांच्या फोटोंचा स्टुडिओ आहे, म्हणून मी त्यांची फोटोबाई. दोघांचंही वय साठीला टेकलेलं. त्यांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती. माझा नवरा गेलेला नाही, मीच त्याला सोडलं. तो धडधाकट आहे आणि कुठेतरी कुणावर तरी हुकूम सोडत असेल.

कागदी विमान म्हणजे पोरांनी वर्गात उडवायचं विमान नव्हे. सपाट कागदावर छापलेले तुकडे कटरने कापायचे, गोल वळवायचे, आतून पुठ्ठ्याच्या चकत्या बसवायच्या, कडेला कड अशी चिकटवायची की सांधा नखालासुद्धा लागू नये. असं महिनाभर नाक कागदाला लावून बसलं की प्रवासी विमान तयार होतं. ते उडत नाही. ते फळीवर उभं राहतं आणि तुम्ही त्याच्याकडे बघत बसता. माझी ताई म्हणते, तुझ्यापेक्षा तुझी विमानं जास्त आळशी.

आमच्या ओळखीनंतर दर आठवड्याला कुठे ना कुठे भेट होऊ लागली. चहा, कटरची पाती, कुठला गोंद पिवळा पडतो आणि कुठला नाही. बोलायला विषय कमी पडत नव्हते. एकदा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्ही माझ्याकडे राहायला येता का? म्हणजे रीतसर लग्न करूनच." मी म्हटलं, "सांगते." नाही म्हणायचं नव्हतं, हो म्हणायला जीभ उचलत नव्हती.

त्यांनीच मग सुचवलं की आधी एक विमान मिळून करू. दोन इंजिनांचं, रुंद पोटाचं, लांब पल्ल्याचं. धड त्यांनी करायचं, पंख आणि शेपूट मी. आपापल्या घरी करायचं आणि मग जोडायचं. एकमेकांचा हात कसा चालतो ते कळेल, असं ते म्हणाले. मला कल्पना आवडली. मी रात्रंदिवस खपले. पंखाच्या आत मी अशी कणखर काडी बसवली की विमान पंखाला धरून उचललं तरी वाकणार नाही.

ठरलेल्या दिवशी मी खोक्यात पंख घेऊन त्यांच्या घरी गेले. टेबलावर धड ठेवलेलं होतं. मी बघितलं आणि म्हटलं, "हे काय, केवढं हे?" त्यांनी माझा पंख हातात घेतला आणि विचारलं, "हा शेपटीचा का?" तो मुख्य पंखच होता. आम्ही तो धडाला लावून पाहिला. लठ्ठ माणसाने भाच्याचा शर्ट घालावा तसं ते विमान दिसत होतं.

हसायला हवं होतं, पण आम्ही दोघंही हसलो नाही.

"तुम्ही एकास शंभर करत नाही?" त्यांनी विचारलं.

"एकास शंभर? मी एकास एकशे चव्वेचाळीस करते. सगळं जग करतं."

"सगळं जग कशाला करेल? शंभरात हिशोब सोपा. खऱ्या विमानाचा एक मीटर म्हणजे आपला एक सेंटिमीटर. डोकं चालवावं लागत नाही."

"डोकं चालवायला मला काही त्रास होत नाही," मी म्हटलं.

आता कुणी म्हणेल, इतके दिवस कागद, कात्री, गोंद यांवर बोलत होतात, आणि स्केल कुठलं हे एकमेकांना विचारलं नाही? नाही विचारलं. तुम्ही जेवताना उजवा हात वापरता का, असं आपण कुणाला विचारतो का? ज्याचं त्याला आपलंच स्केल म्हणजे स्केल वाटतं. बाकीची स्केलं जगात आहेत हे ठाऊक असतं, पण ती दुसऱ्या कुणाची तरी असतात.

बाहेरच्या माणसाला हे भांडण पोरकट वाटेल. म्हणून जरा समजावून सांगते. ज्याचा ताफा असतो त्याचं स्केल एकच असतं. फळीवर लहान विमान लहान दिसलं पाहिजे आणि मोठं मोठं. दोन स्केलं मिसळली की फळी खोटं बोलायला लागते. आणि पहिलं विमान ज्या स्केलचं केलं, ते जन्माला चिकटतं. पुढचं प्रत्येक त्याच मापाचं करावं लागतं, नाहीतर आधीचं सगळं वाया. नवऱ्याच्या बाबतीत मी इतका विचार केला नव्हता.

माझ्या एकशे चव्वेचाळीसला कारणं आहेत. त्या मापात साधा जाड कागद बरोबर वागतो. तो फार पातळही पडत नाही, फार ताठही राहत नाही. जम्बो विमान हातभर होतं, दोन्ही हातांत मावतं. पण खरं कारण वेगळं आहे आणि ते मी दातवाल्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. नवऱ्याच्या घरी पडद्याचा रंग त्याने ठरवला, माझी चप्पल त्याने ठरवली, जेवायला कधी बसायचं तेही त्यानेच. तिथून बाहेर पडल्यावर स्टुडिओच्या वरच्या खोलीत एका संध्याकाळी मी पहिल्यांदा संगणकापुढे बसले आणि विमान किती मोठं करायचं हे स्वतः ठरवलं. कुणी "एवढंच का?" विचारलं नाही. ते माप सोडायचं म्हटलं की मला नवऱ्याचं घर आठवतं.

भांडण तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण दातवाले समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमची विमानं घेऊन तर या. शेजारी शेजारी ठेवून बघू. कदाचित इतकं वाईट दिसणार नाही."

मी माझी निवडक सहा-सात विमानं खोक्यात कापसावर ठेवून नेली. त्यांचा दिवाणखाना लांबलचक आहे आणि टोकाच्या भिंतीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फळ्या आहेत. त्यांचा सगळा ताफा तिथे उभा होता. मी माझं मधल्या आकाराचं जेट काढून फळीवर ठेवलं. शेजारी त्यांचं छोटं पंख्याचं विमान होतं, आडगावच्या धावपट्टीवर उतरणारं, पन्नास-साठ माणसांचं. दोघांची लांबी अगदी सारखी निघाली. माझं जेट, ज्यात दीडशेच्या वर माणसं बसतात, ते त्या टमरेलाच्या खांद्याला खांदा लावून उभं होतं. आणि पलीकडे त्यांचं तेच जेट, त्याच बनावटीचं, त्याच रंगाचं, माझ्याकडे वरून बघत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"खेळण्यासारखं दिसतंय," मी म्हटलं.

"नाही हो, काम सुरेख आहे तुमचं."

"काम सुरेख आहे म्हणूनच खेळण्यासारखं दिसतंय."

मग मी त्यांच्या जम्बोकडे वळले. चार इंजिनांचं, तेच त्या भिंतीवरचं सगळ्यात मोठं. मी वाकून इंजिनं खालून पाहिली. लोक वरून बघतात, मी नेहमी खालून बघते, तिथे माणसाचा आळस सापडतो. तिथे सांधाच दिसेना. चारही इंजिनांची तोंडं आतून रंगवलेली, आतली बारीक पाती एकेक कापून बसवलेली.

"ही तुम्ही केली नाहीत," मी म्हटलं.

"नाही. इंजिनं सगळी माझ्या बायकोची आहेत. मी धड आणि पंख करायचो, ती इंजिनं आणि चाकं करायची." त्यांनी जम्बोच्या चाकांकडे बोट दाखवलं. "इथल्या प्रत्येक विमानाखाली तिची चाकं आहेत. म्हणून शंभर सोडता येत नाही मला. हिशोब सोपा वगैरे ते ठीक आहे, पण खरं हे आहे."

माझा हात चांगला आहे, पण तिचा माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी मनात मान्य केलं, तोंडाने नाही. आणि त्याच क्षणी मला कळलं की मला कशाची भीती वाटत होती. मला शंभराची भीती नव्हती. या घरात मी राहायला आले की रोज सकाळी उठून या भिंतीसमोरून जायचं, आणि रोज माझं सगळं तिच्या सगळ्याच्या शेजारी लहान दिसायचं. एका घरात मी वर्षानुवर्षं लहान होऊन राहिले होते. दुसऱ्या घरात, तेही आपल्या पायांनी चालत जाऊन, तेच करायचं? मी माझी विमानं परत खोक्यात घातली.

"मी माझं विमान तुमच्या फळीवर ठेवणार नाही," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही, त्याचा मला अजून राग आला.

ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तुला लग्न करायचंय की विमानतळ बांधायचाय?" तिने उपायही सांगितला. त्याची बाहेरच्या खोलीत, तुझी आतल्या खोलीत. मी म्हटलं, म्हणजे पाहुणे आले की माझी आत. तिने भाजीचा विषय काढला. ताईला विषय बदलायला लावणं सोपं नाही, त्यामुळे मला जरा बरं वाटलं.

दातवाल्यांची लेक दूर राहते. तिला आमच्या भांडणाचा सुगावा लागला होता. ती मला मावशी म्हणते, आणि मला ते आवडतं. तिचा फोन आला. "मावशी, दोघांची विमानं शेजारी शेजारी ठेवून एक फोटो पाठव ना. बाबा म्हणतात वाईट दिसत नाही, तू म्हणतेस वाईट दिसतं. मीच ठरवते." मी म्हटलं, पाठवते. चांगला कॅमेरा घेऊन जाईन, चांगला उजेड पाडेन आणि किती वाईट दिसतं ते या पोरीला स्वच्छ दाखवेन, अशा इराद्याने मी तिवई खांद्यावर टाकून निघाले.

आता मी त्यांच्या फळीवर विमान ठेवणार नाही असं म्हणून बसले होते. शब्द फिरवणं माझ्या जिवावर येतं. म्हणून मी एक उंच स्टूल मागवलं, ते खोलीच्या मध्यावर ठेवलं, त्यावर माझं जेट ठेवलं आणि त्याची शेपटी भिंतीवरच्या त्यांच्या जेटच्या नाकाला लागून दिसेल अशी सोय केली. दातवाले हाताची घडी घालून बघत होते. मी तिवई लावली, एक डोळा मिटला आणि दुसरा कॅमेऱ्याला लावला.

आणि मी तशीच उभी राहिले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. थांबा."

कॅमेऱ्यात दोन सारखी विमानं उभी होती. एकामागे एक, धावपट्टीवर पाळीची वाट बघत असल्यासारखी. पंखाला पंख, शेपटीला शेपूट, खिडकीला खिडकी. माझं लहान नव्हतं, त्यांचं मोठं नव्हतं. मी तिवई अर्धा हात मागे ओढली. त्यांचं मोठं झालं. अर्धा हात पुढे ढकलली, तर माझं फुगून बसलं. परत जागेवर आणली, पुन्हा सारखी.

आयुष्यभर मी माणसांना पुढे-मागे सरकवत आले. काकू, तुम्ही जरा मागे. उंच मुलगा शेवटच्या रांगेत. पुढे बसलेल्या पोराचं डोकं मागच्या बापाएवढं दिसतं हे मला कुणी सांगायला नको. पण हे ज्ञान मी दुकानाबाहेर कधी आणलंच नव्हतं. त्याचं मला हसू आलं.

"या इकडे," मी म्हटलं. "डावा डोळा मिटा."

त्यांनी वाकून पाहिलं. तिवई जराशी मागे ओढली, परत जागेवर आणली. मग म्हणाले, "टेप कुठेय?"

त्यानंतर आम्ही माणसं राहिलो नाही. एक जण टेपचं हे टोक धरून जमिनीवर, दुसरा ते टोक धरून स्टुलाशी. गुडघे कटकट वाजत होते. कॅमेऱ्यापासून माझ्या जेटपर्यंत दोन मीटर भरले. त्यांच्या जेटपर्यंत दोन मीटर नव्वद. त्यांनी पेन्सिलीने वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार केला.

"एक पॉइंट पंचेचाळीस," ते म्हणाले. "यायला हवं होतं एक पॉइंट चव्वेचाळीस. तुम्ही टेप सैल धरलीत."

"मी घट्टच धरली होती. तुमचा गुडघा हलला."

म्हणजे गोष्ट इतकी साधी होती. त्यांचं विमान माझ्यापेक्षा जितक्या पटीने मोठं, तितक्या पटीने ते लांब ठेवायचं. मग बसल्या जागेवरून सगळा ताफा एकाच स्केलचा. आम्ही खोली मोजली. त्यांच्या फळ्यांपासून तीन मीटर साठवर बसायची जागा केली, तर माझी विमानं त्या जागेपासून बरोबर अडीच मीटरवर यायला हवी होती. तिथे छताला आडवी दांडी टांगायची आणि तिच्यावरून पारदर्शक दोऱ्यांनी माझी विमानं सोडायची. दातवाल्यांनी दांडी तीन ठिकाणी मोजून बसवली. कवळ्या बनवणारा माणूस, मिलिमीटर चुकला तर तोंडात ओरखडा, त्यामुळे या बाबतीत मला काही बोलायला जागाच ठेवली नाही.

माझी विमानं वर चढली. त्यांनी मोजलेल्या जागी खुर्ची ठेवली आणि मला बसवलं. मी बसले. समोर एक अख्खा विमानतळ होता. त्यांचं पंख्याचं टमरेल टमरेलाएवढंच होतं, माझं जेट जेटएवढं. जम्बो जम्बोच होता, आणि त्याच्या पुढे हवेत तरंगणारा माझ्या ताफ्यातला लांब पल्ल्याचा देखणा पठ्ठ्या त्याला शोभेल असाच दिसत होता. मला आनंद झाला, अगदी साधा, भूक लागल्यावर जेवण समोर आल्यासारखा.

मी उठले, ते बसले. त्यांनी मान हलवली. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"पण फोटोबाई, हे एकालाच दिसणार. खुर्ची एक. मी बसलो की तुम्ही उभ्या, तुम्ही बसलात की मी उभा."

मी बाजूला उभी होते. मी बघितलं, तर मला अजूनही ठीकच दिसत होतं. मी आणखी एक पाऊल बाजूला झाले. अजूनही ठीक. आता मात्र माझा पासपोर्टवाला मेंदू जागा झाला.

"अहो, माणूस डावीकडे-उजवीकडे सरकला तर लहान-मोठा दिसत नाही," मी म्हटलं. "रांगा जरा इकडच्या तिकडे होतात, तेवढंच. मोठं-लहान होतं ते पुढे-मागे झाल्यावर. खुर्ची काढा. बाकडं आणा."

"दोघांचं?"

"दोघांचंच. पण कुणी पुढे सरकायचं नाही. तुम्हाला काही बोलायचं असलं की पुढे वाकायची खोड आहे. वाकलात की माझी मोठी होतील."

"होऊ देत की," ते म्हणाले आणि बाकडं आणायला शेजाऱ्याकडे गेले.

बाकड्यावर आम्ही बराच वेळ बसलो. लेकीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "यात भांडण्यासारखं काय आहे? सगळी सारखीच तर आहेत." दातवाले इतके हसले की खोकला आला. मग त्यांनी तो प्रश्न काढला, ज्याला आम्ही इतके दिवस बगल देत होतो. मिळून करायचं ते विमान आता कुठल्या स्केलमध्ये?

"ते कुठे ठेवणार?" मी विचारलं.

"तुमची दांडी आणि माझी फळी यांच्या मध्ये. दुसरी जागा कुठाय?"

आम्ही पुन्हा टेप ताणली. बाकड्यापासून तीन मीटर. त्यांनी वर्तमानपत्रावर गुणाकार-भागाकार केला, खोडला, पुन्हा केला. "एकास एकशे वीस," ते म्हणाले. "हे तर कुणीच करत नाही."

"म्हणूनच बरं," मी म्हटलं. "माझा नमुना मोठा करून छापायचा. एकशे वीस टक्के, पूर्ण आकडा. तुमचा लहान करायला गेलो तर त्र्याऐंशी पॉइंट तीन तीन तीन, संपतच नाही."

"तुमचंच घेऊ," ते म्हणाले. त्यांनी इतक्या सहज मान्य केलं की मला पुढे भांडायला काही उरलं नाही. विमान किती मोठं करायचं हे दुसऱ्यांदा ठरत होतं. या वेळी मी एकटी नव्हते, तरी नवऱ्याचं घर आठवलं नाही.

तरीही मी हो म्हणाले नव्हते. बाकड्यावरून सगळं सारखं दिसतं हे खरं, पण बाकड्यावर माणूस किती वेळ बसतो? मी बघितलं होतं, दाराने आत आलं की त्यांची फळी अजूनही वरचढ दिसते. उरलेला दिवस तर चालण्या-फिरण्यातच जातो. आणि मुख्य म्हणजे काम. मी कामाला बसले की तासन् तास हलत नाही. त्या वेळी मान वर केल्यावर काय दिसणार, हा प्रश्न मी त्यांना विचारला नव्हता. विचारायची लाज वाटत होती. मेलेल्या बाईशी कुणी बरोबरी करतं का?

पुढच्या आठवड्यात मी एकशे वीस टक्क्यांचे छापे घेऊन गेले. खोलीत काहीतरी बदललं होतं. खिडकी, जी बाजूच्या भिंतीत, माझ्या दांडीच्या जरा अलीकडे आहे आणि जिथे दुपारभर चांगला पांढरा उजेड येतो, तिच्याखाली नेहमी त्यांचं कामाचं टेबल असायचं. आता ती जागा रिकामी होती. झाडून-पुसून स्वच्छ केलेली, आणि तिथे फक्त एक खुर्ची. टेबल त्यांनी पार इकडे, दारापाशी आणून ठेवलं होतं, दिव्याखाली.

"हे काय?" मी विचारलं.

"तिथे तुम्ही बसा. कापायच्या कामाला उजेड लागतो."

"आणि तुम्हाला लागत नाही?"

"मला दिव्याची सवय आहे. कवळ्या सगळ्या दिव्याखालीच करतो मी."

मी त्या खुर्चीवर जाऊन बसले. छापे मांडीवर घेतले, सवयीने एकदा कागद वाकवून पाहिला, आणि मान वर केली. माझी विमानं अगदी जवळ टांगलेली होती, हात लांब केला तर लागतील अशी. मोठाली, ऐसपैस. त्यांच्या पलीकडे, भिंतीला लागून, दातवाल्यांचा सगळा ताफा बापुडवाणा उभा होता. जम्बोसुद्धा. मी नीट निरखून पाहिलं. त्याची चार इंजिनं तेवढ्या अंतरावरून माझ्या विमानांच्या इंजिनांपेक्षा लहान दिसत होती.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते दारापाशी, आपल्या टेबलाशी, उगाचच पाती जुळवत बसले होते.

"इथून तुमची विमानं लहान दिसतात," मी म्हटलं.

"हो."

"तिची इंजिनंसुद्धा."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "तिथे बसून बघितलंय मी. टेपसुद्धा लावली."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. लपवायला मांडीवर एकशे वीस टक्क्यांचे कागद होते आणि ते ओले करणं परवडणारं नव्हतं. त्या माणसाने आपल्या हाताने, टेप लावून, माझ्यासाठी ती एक जागा शोधली होती जिथून त्याचं अर्धं आयुष्य लहान दिसतं. माझ्या नवऱ्याला मी इतकी वर्षं बाजूला सरकायला सांगत होते, तो इंचभर सरकला नाही.

"तुमच्याकडे दुसरं टेबल आहे का?" मी डोळे पुसत विचारलं.

"नाही. बनवून घेऊ."

"काही गरज नाही. माझं आहे, स्टुडिओत वरच्या खोलीत. जड आहे, जिन्यावरून दोन माणसं लागतील. रविवारी माणसं बघा आणि टेम्पो सांगा."

त्यांनी तेव्हा मान वर केली. "फक्त टेबल?"

"टेबल, गाद्या, भांडी, कपाट, सगळं," मी म्हटलं. "आणि टेम्पो मोठा सांगा."